युरोपचा वानवळा

परदेश प्रवास का करावा, याची उत्तरे थोरामोठ्यांनी लिहून ठेवलेली आहेत. दृष्टी विशाल होते, मन उदार होते, अनुभवाची शिदोरी मिळते, वगैरे. यांतले काहीही मला नाकारायचे नाही. पण मी पडलो बँकेतला कारकून आणि त्यातून बी.कॉम. (२०२४च्या वेतनकरारापासून आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. खुर्ची तीच आहे, फक्त पाटी लांब झाली.) आमच्या शास्त्रात एकच वेदवाक्य आहे : व्हाउचर नसेल तर खर्च झालाच नाही. तुम्ही म्हणता पॅरिस पाहिले? उत्तम. व्हाउचर दाखवा.

आणि ऑडिटर फक्त बँकेत येतात असे थोडेच आहे? परभणीत ते गल्लोगल्ली आहेत. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण साऱ्या मराठवाड्याला पाठ आहे. बाहेर जमले तर जमले, नाही जमले तर परभणी आहेच, असा तिचा अर्थ लावतात. त्यामुळे आमचा माणूस बाहेरून परत आला की गावाला पहिली शंका येते ती हीच, की याची ‘बनी’ का ‘नहीं बनी’? या शंकेचे निरसन नुसते तोंडाने होत नाही. बॅग उघडावी लागते.

तर २०२३च्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी बारा दिवसांत सात देश पाहिले. पैसे कर्मचारी पतसंस्थेचे, पाय आमचे. सातवा देश व्हॅटिकन होता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर ऑडिटमध्ये निघेल. अवघ्या ४४ हेक्टरांचा देश तो. आमच्या कृषी विद्यापीठाच्या शिवारात असे कितीतरी व्हॅटिकन पेरता येतील. पण सहलीच्या पत्रकात तो देश म्हणून छापला होता आणि छापील गोष्टीवर आमचा विश्वास असतो.

निघण्याच्या आठ दिवस आधी आमच्या हिने शंभरपानी वहीत एक यादी केली. मला वाटले, बरोबर न्यायच्या सामानाची असेल. पण न्यायच्या सामानाची यादी पाठीमागच्या एका पानात आटोपली होती : खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, स्वेटर. मुख्य यादी आणायच्या वस्तूंची होती आणि तिला रीतसर पाच खाती होती. पहिले, जवळचे. दुसरे, लांबचे पण मानाचे. तिसरे, ज्यांनी दुबईहून येताना आपल्याला दिले होते ते. चौथे, ज्यांनी दिले नव्हते, पण ‘आपण मन मोठं करावं’ असे ते. आणि पाचवे, ज्यांचा काही संबंध नाही, पण दुसऱ्यांना दिल्याचे कळले तर बोलतील ते. पाचवे खाते सर्वांत फुगलेले होते. एकूण नग ५३.

यादीच्या तळाशी आईचे नाव होते आणि त्याच्यापुढची जागा कोरी होती. आईचे वय ७८. गेली काही वर्षे डोळे अधू झालेत. समोर कोणी उभे आहे एवढे कळते, कोण ते आवाजावरून ओळखते. तिला विचारले तर म्हणाली, “मला काय करायचंय रे त्या देशातलं? तुम्ही दोघं नीट जाऊन या. आन् काय काय पाहिलं ते मला सांगा, म्हणजे झालं.” झाले! ५३ जणांचा प्रश्न दुकानात सुटणार होता. हा चोपन्नावा प्रश्न कुठल्या दुकानात सुटणार?

‘सुव्हेनिर’ या शब्दाला मराठीत काय म्हणावे, यावरही मी बराच विचार केला. स्मृतिचिन्ह म्हणावे तर ते शाल-श्रीफळाबरोबर येते आणि घेण्याआधी तीन भाषणे ऐकावी लागतात. भेटवस्तू म्हणावे तर ‘कृपया आणू नयेत’ हे शब्द आपोआप पुढे येऊन बसतात. शेवटी आईच्याच तोंडचा शब्द आठवला : वानवळा. शेतात नवे पीक निघाले की त्यातले ओंजळभर शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे पाठवायचे. हुरडा असेल, शेंगा असतील, चार वाळकं असतील. आमच्याकडे पिकले याचा पुरावा म्हणून नव्हे. आमच्या तोंडी लागले ते तुमच्याही तोंडी लागावे म्हणून.

ही रीत काही आम्ही युरोपकडून शिकलो नाही. काशीला गेलेला माणूस गंगेचा गडू घेऊन परत यायचा, मावंदे घालायचा आणि मग कुठे त्याची यात्रा पुरी व्हायची. पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे आल्याशिवाय वारी झाली असे कोणी मानत नाही. आमचा भाग १९४८च्या पोलिस ॲक्शनपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळी हैदराबाद ही राजधानी असली तरी परदेशाइतकीच लांब, आणि कामासाठी तिकडे गेलेल्या माणसाने चारमिनारजवळच्या लाड बाजारातल्या बांगड्या आणल्या नाहीत तर त्याला घरात पाणी कोण देणार? आणि वानवळ्याची कमाल केली ती वरसईच्या विष्णुभट गोडसे भटजींनी. चार पैसे मिळवावेत म्हणून १८५७च्या सुमारास उत्तरेत गेले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. कमाई लुटारूंनी नेली. पण गंगेची कावड मात्र त्यांनी कोकणापर्यंत आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातले. व्हाउचर नाही, पावती नाही, नुसते पाणी. आम्ही मुंबईहून विमानात बसलो तेव्हा मला या भटजींचा हेवा वाटत होता. त्यांच्या यादीत दोनच नावे होती.

सहलीच्या पत्रकाचा मी देवगिरी एक्सप्रेसमध्येच बारकाईने अभ्यास केला होता. त्यात ‘पाहणे’ या क्रियापदाचे तीन प्रकार होते : बसमधून पाहणे, बाहेर उभे राहून फोटो काढणे आणि आत जाऊन पाहणे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिले चालू खाते, व्याज शून्य. दुसरे बचत खाते, थोडेफार पदरात पडते. तिसरी मुदत ठेव, फक्त मुदत चाळीस मिनिटांची आणि मुदतपूर्व परत येणाऱ्याला बसमध्ये बसून राहण्याचा दंड. लूव्हर संग्रहालय आमच्या बचत खात्यात होते. म्हणजे मोनालिसा आत आणि आम्ही बाहेर. ते चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे आमच्या शाखेतल्या सूचनाफलकाहून लहान. १९११ साली, पूर्वी त्याच संग्रहालयात काम केलेल्या एका इटालियन माणसाने ते तिथून पळवले आणि दोन वर्षे आपल्या खोलीत लपवून ठेवले. १९१३ साली ते फ्लॉरेन्समध्ये सापडले. आपल्या गावाकडे काहीतरी न्यावे, या इच्छेला माणूस किती बळी पडतो, पाहा. आमच्या हिने ही गोष्ट ऐकून एवढेच विचारले, “मग त्यानं पिशवी कोणती वापरली होती?”

आयफेल टॉवर मात्र आम्ही पुरता पाहिला. १८८९ साली प्रदर्शनासाठी बांधलेला, वीस वर्षांनी काढून टाकायचा म्हणून परवाना घेतलेला, पुढे बिनतारी संदेशांच्या कामी आला म्हणून वाचलेला. तात्पुरती नेमणूक कायम झाल्याचे इतके उंच उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही. उंची ३३० मीटर. त्याच्या पायथ्याशी तोच टॉवर तीन इंच उंचीचा मिळतो. मोठमोठ्या कड्यांत शेकडो टॉवर ओवून विक्रेते उभे असतात आणि आमचे चेहरे पाहताच हिंदीत भाव सांगतात. हिने ओढणी कमरेला खोचली आणि शुक्रवारच्या बाजारात मेथीची जुडी घ्यावी तशा तयारीने पुढे झाली. पंधरा मिनिटांनी २५ टॉवर घेऊन परत आली. माझ्या लक्षात आले, की या वेळात मी टॉवर पाहत होतो आणि ती टॉवरकडे पाठ करून टॉवर घेत होती. “बघितलास का नीट?” मी विचारले. ती म्हणाली, “घरी गेल्यावर बघते. पंचवीस आहेत.”

ब्रुसेल्समध्ये आम्ही भर उन्हात गल्लीबोळ तुडवत एका कोपऱ्यावर पोचलो. तिथे जेमतेम दोन वितीपेक्षा थोडे उंच, ब्राँझचे एक उघडे पोर उभे राहून लघवी करत होते. जगभरची माणसे मान उंच करून त्याचे फोटो काढत होती. १६१९ साली ते घडवले म्हणे. आणि आता त्याला निरनिराळ्या देशांकडून आलेले हजारावर पोशाख आहेत. हिला त्याचे फार कौतुक वाटले. “एवढे कपडे असून उघडंच! आपला धाकटा अस्साच होता.” पण खरी गंमत पुढे आहे. मूळ पुतळा १९६५पासून संग्रहालयात ठेवलेला असून रस्त्यावर उभी आहे ती त्याची नक्कल. म्हणजे आम्ही नकलेचे दर्शन घेतले आणि नकलेची नक्कल विकत घेतली. बँकेत याला ‘ट्रू कॉपीची ट्रू कॉपी’ म्हणतात आणि तिच्यावरही शिक्का मारून मिळतो.

शिक्क्यावरून आठवले. माझी सर्वांत मोठी निराशा पासपोर्टने केली. सात देश म्हणजे येण्याजाण्याचे मिळून चौदा शिक्के, असा माझा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात पॅरिसला उतरताना एक आणि रोमहून निघताना एक, असे दोनच शिक्के पडले. मधल्या हद्दी कधी आल्या नि कधी गेल्या हे बसच्या चालकाखेरीज कोणाला कळले नाही. जिंतूरहून हिंगोली जिल्ह्यात शिरताना निदान पाटी तरी लागते. २०२५च्या ऑक्टोबरपासून तर तिकडे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे घेतले; आता बोटे देण्याची पाळी माझी.

रीतसर व्हाउचर मला सबंध युरोपात एकाच ठिकाणी मिळाले. जर्मनीत हमरस्त्यावरच्या स्वच्छतागृहात एक युरो टाकला की फाटक उघडते आणि यंत्रातून तितक्याच किमतीचे कूपन बाहेर येते. ते दाखवून दुकानात काही घेता येते. तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. नव्वद रुपये या क्रियेवर खर्च करायचे म्हणजे माणसाचा निर्धार डळमळतो. पण कूपन हाती पडताच मन प्रसन्न झाले. आत जाण्याचा उद्देश, दिनांक, रक्कम आणि लगेच परतावा! मी ते खर्च केले नाही. जपून आणले आहे. एका सहकाऱ्याने ते फ्रेम करून मागितले आहे.

त्या दिवशी दुपारी बस कोलोनला थांबली. मुदत चाळीस मिनिटे. तिथले कॅथेड्रल १५७ मीटर उंच. बांधायला घेतले १२४८ साली आणि पुरे झाले १८८० साली. ६३२ वर्षे! मी मान वर करून शिखराकडे पाहत होतो आणि मार्गदर्शक आपली माहिती सांगत होता : हे जे कोलोन वॉटर म्हणतात ते या गावचे. इटलीहून येऊन इथे स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना याच्या कुटुंबाची पेढी १७०९ साली इथे निघाली, आणि ‘ओ द कोलोन’ या फ्रेंच शब्दांचा अर्थच ‘कोलोनचे पाणी’.

माझी मान एकदम खाली आली. कोलनवॉटर! आमच्या पिढीला अत्तर म्हणून नव्हे, ताप म्हणून ठाऊक असलेला वास. ताप चढला की आई मलमलीच्या फडक्याची घडी करायची, पितळी वाटीतल्या पाण्यात कोलनवॉटरचे चार थेंब टाकायची आणि घडी कपाळावर ठेवायची. ती गरम झाली की उलटायची, मग बदलायची. मध्यरात्री डोळा उघडला तर कंदिलाच्या उजेडात ती वाटी आणि तिच्यावर वाकलेली आई दिसे. बाटली कपाटात सर्वांत वरच्या फळीवर असे. ती खाली आली की आज शाळा नाही, हे नक्की. परभणीच्या त्या कपाटातली बाटली ज्या गावचे नाव लावून आली होती, त्या गावात मी उभा होतो आणि माझ्याजवळ सत्तावीस मिनिटे होती.

मी धावलो. बँकेत एकवीस वर्षे काढली, पण असा धावल्याचे आठवत नाही. नदीकडच्या गल्लीतल्या एका दुकानातून पन्नास मिलिलिटरची एक बाटली घेतली. दुकानातल्या बाईंनी विचारले, भेट म्हणून बांधून देऊ का? मी म्हणालो, औषध आहे. त्यांना काय कळले कोण जाणे, पण त्यांनी साध्या कागदात गुंडाळून दिली. किंमत अजून हिला सांगितलेली नाही.

स्वित्झर्लंडमध्ये आम्ही फिरत्या पाळण्यातून टिटलिस नावाच्या डोंगरावर तीन हजार मीटरच्या वर गेलो. बर्फात शाहरुख खान आणि काजोल यांचे ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधले पुठ्ठ्याचे जोडपे उभे होते आणि आल्प्सकडे पाठ करून आमची मंडळी त्यांच्याबरोबर फोटो काढायला रांगेत होती. खाली आल्यावर गाईच्या गळ्यातल्या घंटा घेतल्या, आकार अंगठ्याएवढा. शिवाय तीन किलो चॉकलेट.

इटलीत पिसाचा मनोरा पाहिला. ११७३ साली बांधायला सुरुवात केली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जाताजाताच तो कलायला लागला, तरी वर मजले चढवत राहिले. हे मला ओळखीचे वाटले. थकीत कर्जदाराला आणखी कर्ज देऊन खाते उभे ठेवतात ते असेच. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे मनोरा बंद ठेवून तो थोडासा सरळ केला. फार सरळ केला नाही. सरळ मनोऱ्याला कोण तिकीट काढतो?

रोममध्ये १७६२ साली पुरे झालेले त्रेवीचे कारंजे आहे. त्यात पाठमोरे उभे राहून डाव्या खांद्यावरून नाणे टाकले की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणतात. पासबुक नसलेली ठेव. वर्षाला दहा लाखांहून जास्त युरो जमतात आणि ते गोरगरिबांच्या मदतीला जातात, हे ऐकून मला बरे वाटले. परळीच्या गाडीने गंगाखेडचा पूल आला की आई आमच्या हातात नाणे द्यायची आणि गोदावरीत टाकायला लावायची. आपण गंगाखेडला परत येणार हे तेव्हा गृहीतच असे, कारण ते तिचे माहेर. मी युरो काढला, तर ही म्हणाली, “थांबा, आपलं टाका.” आणि तिने पर्समधून पाच रुपयांचे नाणे काढून फेकले. परकीय चलनाचा इटलीकडचा तो ओघ रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत आला नसावा.

परभणीला उतरलो तेव्हा ऊन त्रेचाळीस अंशांचे होते. ज्या चॉकलेटने आल्प्स पाहिले होते, त्याने स्टेशन ते घर एवढ्या अंतरात प्राण सोडला. तीन किलोंची लापशी झाली. ती गल्लीतल्या पोरांना वाट्यांतून वाढली. त्यांचे म्हणणे पडले, की स्वित्झर्लंडचे श्रीखंड चांगले असते. बाकीचे नग मात्र यादीबरहुकूम वाटले. आज गावात फिरणाऱ्या किमान दहा स्कूटरींच्या किल्लीला आयफेल टॉवर लटकलेला आहे. पिसाचा मॅग्नेट हेडकॅशियरने तिजोरीला चिकटवला, तो शाखाधिकाऱ्यांनी काढायला लावला. तिजोरीवर कललेली वस्तू ग्राहकांना दिसू नये म्हणाले. शेती करणाऱ्या धाकट्या मामांनी घंटा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. “भाचेबुवा, हिच्यासाठी बैल केवढा घ्यावा लागंल? उंदराएवढा?” पोळ्याला त्यांनी ती वासराच्या गळ्यात, आपल्याकडच्या घुंगरमाळेला जोडून बांधली. वाजली. ५३ नग, ५३ खुणा. हिने वही बंद केली. मेळ बसला.

रात्री आईच्या पलंगाशी बसलो. पॅरिसपासून सांगायला सुरुवात केली. उंची, साल, वजन यांत तिला रस नव्हता. प्रत्येक गावाला ती एकच विचारी, “नदी आहे का रे?” पॅरिसला सेन आहे. कोलोनला ऱ्हाईन आहे. रोमला टायबर आहे. “मग बरंय,” ती म्हणे आणि पुढच्या गावाला जाऊ देई. आयफेल टॉवर तिच्या हातात दिला; तिने खालपासून वरपर्यंत बोटे फिरवली आणि म्हणाली, “समई आहे का ही? वात कुठं लावायची?” मग मी काही न बोलता ती बाटली उघडली आणि दोन थेंब तिच्या तळव्यावर टाकले.

तिने हात नाकाशी नेला. क्षणभर थांबली.

“कोणाला रे ताप आला?” असे म्हणून तिने तोच हात अंदाजाने पुढे केला आणि माझ्या कपाळावर ठेवला. कोणालाच आला नाही, म्हणून मी सांगितले. तिने हात लगेच काढला नाही, आणि मीही घाई केली नाही. चाळीस मिनिटांची मुदत इथे नव्हती.

हिने वही पुन्हा उघडली आणि तळाच्या कोऱ्या जागेत लिहिले : पाणी, १ बाटली.

त्या पावसाळ्यात गल्लीत तापाची साथ आली. डॉक्टरांच्या गोळ्या घरोघरी चालू होत्याच. तरी समोरच्या घरातले पोर फणफणलेय हे कानावर येताच आईने बाटली मागवली, औषधाच्या रिकाम्या कुपीत थोडे ओतायला लावले आणि पाठवून दिले. मग डावीकडच्या घरी, मग मागच्या. हे जर्मनीचे आहे असे तिने कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. बाटलीत आता बोटभर उरले आहे.